इतिहास पुन्हा वाचू नका, पुस्तक मिटून सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीची परीक्षा जवळ आली की आपल्या अंकात अभ्यासाचं पान सुरू होतं. गणित-विज्ञानाला तिथं बरी जागा मिळते, सोडवलेली उदाहरणं असतात, आकृत्या असतात. इतिहासाच्या वाट्याला मात्र दरवर्षी ‘हमखास येणारे प्रश्न’ अशी एक चौकट येते. यंदाही आली. आमच्या वाचनालयात बसणाऱ्या मुलांनी ती चौकट त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतली आणि उरलेल्या पुस्तकाला रामराम ठोकला. चौकट छापणाऱ्याचा हेतू चांगला असेल, त्याबद्दल वाद नाही. पण इतिहासाची उजळणी कशी करावी याबद्दल मला थोडं सांगायचं आहे, आणि ते चौकटीत मावणारं नाही. पत्र लांबलं तर कापाकापी करण्याचा अधिकार आपला आहेच.

आधी माझी ओळख. मी मास्तर नाही. कदंब परिवहन महामंडळात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये, कंडक्टर होतो आणि नोकरीची बरीचशी वर्षं फोंडा-पणजी मार्गावर गेली. निवृत्तीनंतर आमच्या देवळाच्या अग्रशाळेतल्या, म्हणजे धर्मशाळेतल्या, वाचनालयाची चावी माझ्याकडे आली. जागा लहान आहे. दोन लांब टेबलं, पंखा एकच, वर्तमानपत्रं चार. परीक्षेच्या दिवसांत आठवी ते दहावीची मुलं तिथं येऊन बसतात, कारण घरी टीव्ही असतो, धाकटी भावंडं असतात. त्यांना शिकवायला मला येत नाही. ती जे वाचतात त्यावर प्रश्न विचारायला येतात, तेवढंच करतो. इतिहासाचीच आवड का, असं कुणी विचारतं. ज्याला रोज जुन्या गोव्यातून दोनदा जायचं होतं त्याला ती लागणारच.

मुलं इतिहासाचा अभ्यास कसा करतात ते मी समोर बसून पाहतो. धडा उघडतात, हायलायटर काढतात. पहिल्या वाचनात निम्मी ओळ पिवळी, दुसऱ्या वाचनात सगळं पान पिवळं. तिसऱ्या वाचनात ओळ डोळ्यांना ओळखीची वाटते आणि मुलगा म्हणतो, झालं. मी पुस्तक मिटायला सांगतो आणि विचारतो, असहकार चळवळ मागे का घेतली? मग वर पंख्याकडे बघणं सुरू होतं. ‘सगळें येता, पूण उगडास येना’ (सगळं येतं, पण आठवत नाही), हे मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलं आहे की आता पुढचं वाक्य मीच म्हणतो. ओळ पाहून ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदासमोर बसून आठवणं वेगळं. परीक्षेत पुस्तक समोर नसतं, त्यामुळे दुसऱ्या गोष्टीचा सराव लागतो, आणि मुलं सगळा वेळ पहिल्याच गोष्टीचा करत असतात.

मला हे कळायला अवघड गेलं नाही. भाड्याचा तक्ता मी कधी वाचून पाठ केला नव्हता. मर्दोळला चढलेल्या माणसाने बाणस्तारी म्हटलं की पैसे किती, हे तिकिटं फाडता फाडता डोक्यात बसलं. विचारणारा समोर उभा असायचा आणि उत्तर तिथल्या तिथं द्यावं लागायचं.

माझी पुतणी बी.एड. करते. तिने सांगितलं की या गोष्टीवर नीट प्रयोग झालेले आहेत. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या मुलांचं नेमकं हेच होतं. रात्री वाचून झोपताना सगळं येतं, आणि पेपर काही त्याच रात्री नसतो. याच्याही फार आधी एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून माणूस पाठ केलेलं किती लवकर विसरतो ते मोजलं होतं. त्याचं पुस्तक १८८५ चं. मुलांना सांगायला बरं, कारण राष्ट्रीय काँग्रेस स्थापन झाली तेही हेच साल.

आता सनावळी. इतिहास म्हटलं की मुलांच्या पोटात गोळा येतो तो सनावळीमुळे. गाईडच्या शेवटच्या पानावर ती एका खाली एक छापलेली असते आणि मुलं ती वरून खाली म्हणत जातात. मधलंच एखादं साल विचारलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमच्याकडे आम्ही यादी बंद केली आहे. एक घटना सांगायची आणि विचारायचं, मग काय झालं, आणि तसं का झालं.

नमुना देतो. १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा आला. खटला न चालवता माणसाला आत टाकता येईल असा कायदा. लोक संतापले, पंजाबात पुढाऱ्यांना पकडलं, त्यातून १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत सभा भरली आणि डायरने गोळीबार केला. ब्रिटिशांच्या न्यायावर ज्यांचा थोडा विश्वास उरला होता त्यांचाही उडाला, म्हणून १९२० साली असहकाराचा ठराव पास होऊ शकला. असहकार जोरात असताना १९२२ च्या फेब्रुवारीत गोरखपूर जिल्ह्यातल्या चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस चौकी पेटवली, आत पोलीस होते. गांधीजींनी चळवळ थांबवली. मग काही वर्षं मोठं आंदोलन नाही. सायमन कमिशन नेमलं गेलं, त्यात एकही भारतीय नाही, म्हणून १९२८ मध्ये ते आलं तेव्हा काळे झेंडे. तुम्हीच तुमची घटना करून दाखवा असं आव्हान सरकारने दिलं होतं, म्हणून त्याच वर्षी नेहरू अहवाल. तो वसाहतीच्या स्वराज्यावर थांबला आणि सरकारने तेवढंही दिलं नाही, म्हणून १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव. ठराव झाला म्हणून २६ जानेवारी १९३० ला स्वातंत्र्यदिन पाळला, आणि ठरावाला कृती हवी म्हणून १२ मार्चला साबरमतीहून दांडीयात्रा निघाली. ६ एप्रिलला मीठ उचललं. वर्षभर तुरुंग भरले, म्हणून ५ मार्च १९३१ ला व्हाइसरॉय आयर्विनला गांधीजींशी करार करावा लागला.

यात किती सालं आली बघा, आणि एकही एकटं आलेलं नाही. मुलगा ‘म्हणून’ला अडला की कळतं, कडी कुठं तुटली. बहुतेकांची तुटते ती चौरीचौरा आणि सायमन यांच्या मध्ये, कारण तिथं पुस्तकात धडा बदलतो. असहकार आणि सविनय कायदेभंग यांची गल्लत करणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढंच विचारतो, मीठ कुठल्या चळवळीत आणि चौकी कुठल्या चळवळीत? एकदा ते पक्कं झालं की बाकीचे तपशील आपापल्या बाजूला जातात. आणि प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीलाच का, हा प्रश्न शाळेच्या परेडला गेलेल्या मुलालाही सहसा पडलेला नसतो. लाहोरपासून इथपर्यंत आला की त्याला तो स्वतःच सुचतो.

दुसरा खेळ आमच्या मुलांना अधिक आवडतो. देशाच्या प्रत्येक सालाशेजारी गोव्याचं साल ठेवायचं. १९२८ ला तिकडे सायमन, इकडे चांदरच्या त्रिस्ताव ब्रागांझा कुन्य यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. १९३० ला तिकडे दांडीयात्रा, आणि त्याच साली पोर्तुगालात लिस्बनमध्ये सालाझारने वसाहतींचा कायदा केला, ज्याने वसाहतींतल्या लोकांचं दुय्यम स्थान कायद्यातच लिहून टाकलं. १९४६ ला दिल्लीत कॅबिनेट मिशनची बोलणी चालली होती आणि १८ जूनला मडगावच्या मैदानावर डॉ. राममनोहर लोहिया आणि आसोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस भाषणाला उभे राहिले. मग १९४७. तिथं मी थांबतो आणि विचारतो, त्या १५ ऑगस्टला फोंड्यात काय झालं? पहिल्यांदा हा प्रश्न ऐकणारं मूल हमखास म्हणतं, झेंडावंदन.

‘गोवा १९४७ मध्ये मुक्त का झाला नाही?’ हा ‘कारणे द्या’ प्रकारचा प्रश्न प्रत्येक गोमंतकीय मुलाला पुस्तक न बघता लिहिता आला पाहिजे, मग तो पेपरात येवो न येवो. राज्यकर्ते ब्रिटिश नव्हते, पोर्तुगीज होते, त्यामुळे लंडनमध्ये झालेला कायदा इथं लागू नव्हता. पोर्तुगालात हुकूमशाही होती, तिथल्या लोकांनाच बोलायची मुभा नव्हती, तर आपल्याला कुठली? १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटो करारात सामील झाला, त्यामुळे मोठी राष्ट्रं त्याच्या मित्रयादीत. १९५१ ला पोर्तुगालने घटना बदलून गोव्याला वसाहत म्हणणंच सोडलं, ‘सागरापलीकडचा प्रांत’ असं नाव दिलं, म्हणजे आता सोडण्याचा प्रश्नच नाही. भारत सरकारला लष्कर घालायचं नव्हतं, बोलणी करून सुटेल असं नेहरूंना वाटत होतं. १९५४ मध्ये दादरा आणि नगरहवेली सुटली. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीसारख्या नाक्यांवरून निःशस्त्र सत्याग्रही आत आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर सीमा बंद, नाकेबंदी, आणि शेवटी १९६१ च्या डिसेंबरात लष्करी कारवाई, १९ तारखेला शरणागती. एवढं सगळं एका दमात सांगणारी मुलगी आमच्याकडे आहे. आधी ती कोकणीत सांगते, मग इंग्रजीत लिहिते.

हा भाषेचा मुद्दा थोडक्यात उरकतो, कारण त्यावर आपल्याकडे भांडणं लवकर होतात. आमची बहुतेक मुलं पाचवीपासून इतिहास इंग्रजीत शिकतात, घरी कोकणी बोलतात, देवळातलं भजन आणि आपलं वर्तमानपत्र मराठीत वाचतात. इंग्रजी वाक्य तसंच्या तसं पाठ केलं की एक शब्द सुटला तर सगळं कोसळतं. म्हणून मी सांगतो, आधी आजीला कळेल अशा भाषेत गोष्ट सांगा. कळली की लिहायची भाषा कुठलीही असो, वाक्यं जुळवता येतात.

फोंड्याहून पणजीला जाणारी गाडी हा माझा आवडता धडा, आणि तो मी वाचनालयात भिंतीवर खडूने काढतो. ज्यांच्या नावाची गाडी आहे त्या कदंब राजांची राजधानी आधी चंद्रपूर, म्हणजे चांदर, आणि मग गोपकपट्टण, म्हणजे थोरलें गोंय. गाडी फोंड्याहून सुटते, तो फोंड्याचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये घेतला. फर्मागुडी चढून पुढे मर्दोळ. म्हाळसा मूळची वेर्ण्याची. मग मंगेशी, मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. हे देव सोळाव्या शतकात इकडे का आले? कारण सासष्टी आणि तिसवाडी पोर्तुगिजांकडे होती आणि अंत्रूज, म्हणजे आपला फोंडा महाल, तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. कुंडई, भोम करत गाडी बाणस्तारीच्या पुलावर येते. पुलाखालचं पाणी ही त्या काळी दोन राज्यांमधली हद्द होती. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३ मध्ये, त्यांनी जुनें गोंय जिंकल्यावर अडीचशे वर्षांनी. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला आणि नंतर जिंकलेला मुलूख, हा फरक पुस्तकात दोन कोरड्या ओळींत येतो, पण पुलावरून रोज जाणाऱ्या मुलाला तो एकदा दाखवला की पुन्हा विचारावा लागत नाही. दोन्ही बाजूंना देवळं जास्त कुठं आणि चर्च जास्त कुठं, एवढं खिडकीतून बघितलं तरी पुरे.

पूल ओलांडून खोर्ली, मग जुनें गोंय. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने ते कायमचं जिंकलं २५ नोव्हेंबर १५१० ला. भारतातला पहिला छापखाना तिथं १५५६ साली सुरू झाला आणि चारच वर्षांनी, १५६० मध्ये, इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरून खटले चालवणारं न्यायालय, तेही तिथंच बसलं. ही दोन सालं शेजारी ठेवून ‘यावरून तुम्हाला काय वाटतं’ असं विचारलं की आठवीतलं पोरही विचार करून बोलतं. पुढे रायबंदरचा तो लांबलचक सेतू, लिन्यारिस व्हाइसरॉयच्या काळात १६३३-३४ मध्ये बांधलेला, अजून वापरात. आणि पणजी, जी राजधानी झाली १८४३ ला, कारण जुन्या गोव्यात रोगराईने माणसं टिकेनात.

‘काका, हें परीक्षेंत येतलें?’ हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर वेळ वाया गेल्याची शंका असते. मी खरं उत्तर देतो. यातलं बरंचसं येणार नाही. पण ज्याच्या डोक्यात सोळावं शतक आणि अठरावं शतक ही दोन ठिकाणं तयार झाली आहेत, त्याला प्लासी १७५७ ची की १८५७ ची, असा गोंधळ होत नाही. फोंडा पोर्तुगिजांनी घेतला त्याच्या सहा वर्षं आधी प्लासी. ज्याला सालं नुसती आकडे म्हणून दिसतात त्याला १७ आणि १८ यांत फरक वाटावा तरी कशाला?

सालांचा आणखी एक उपयोग आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. त्यांच्यावरून एखादं विधान तपासता येतं. १७८७ ला कांदोळीच्या पिंटो कुटुंबाच्या घरी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट शिजला. हा कट फ्रेंच राज्यक्रांती पाहून झाला, असं एक मुलगा कुठूनसा वाचून आला होता. मी त्याला दोन्ही सालं फळ्यावर लिहायला लावली. पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडला, क्रांती सुरू झाली, ती १७८९ च्या जुलैत. दोन वर्षं नंतर घडलेलं पाहून कुणी आधी कसं उठेल? मग त्यानेच शोधलं की अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा, तो मात्र आधीचा. नवे विचार युरोपात क्रांतीच्या आधीपासून फिरत होते, हेही त्यातून निघालं. तसंच सत्तरीत दीपाजी राणे उठले १८५२ मध्ये, मेरठ पेटण्याच्या पाच वर्षं आधी. अशा वेळी मुलांच्या डोळ्यांत जे दिसतं त्यासाठी मी चावी सांभाळतो.

कारणं लिहिताना मुलं हटकून एक गोष्ट करतात. शेवटचं निमित्त हेच कारण म्हणून देतात. १८५७ का झालं? काडतुसांना चरबी होती म्हणून. पहिलं महायुद्ध का झालं? साराजेवोला राजपुत्राला गोळी घातली म्हणून. मी विचारतो, काडतुसं बदलून दिली असती तर काय झाशी परत मिळाली असती? अवधचे तालुकदार गप्प बसले असते? सारा कमी झाला असता? २८ जून १९१४ ला गोळी सुटली आणि ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला. मध्ये पूर्ण महिना गेला. त्या महिन्यात एकेक देश आपापल्या करारांकडे बोट दाखवत का ओढला गेला, उत्तर तिथं आहे. तात्कालिक कारण शेवटी लिहा, मूळ कारणं आधी लिहा, एवढी शिस्त लावली तरी उत्तर सुधारतं.

लिहिण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण तोंडी पटापट सांगणारी मुलं कागदावर गडबडतात. आमची पद्धत साधी आहे. एक प्रश्न, घड्याळ लावून दहा मिनिटं, पुस्तक पिशवीत. मग वह्यांची अदलाबदल. शेजाऱ्याने पुस्तक उघडून लाल पेनाने तपासायचं आणि जिथं ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ नसताना नुसती माहिती ओतली आहे तिथं गोल करायचा. दुसऱ्याची वही तपासताना मूल धडा जितका बारकाईने वाचतं तितका स्वतःसाठी कधी वाचत नाही. भांडणंही होतात. ‘मी लिहिलंय की ते’, ‘कुठं लिहिलंयस, दाखव.’ होऊ देत.

नकाशाला मुलं घाबरतात आणि शिक्षकही तो शेवटी उरकतात. ट्रेसिंग पेपरवर देशाची बाह्यरेषा काढून त्यात चंपारण, खेडा, अमृतसर, चौरीचौरा, लाहोर, साबरमती, दांडी एवढी ठिकाणं न बघता भरायची. एकाने चंपारण गुजरातेत नेऊन ठेवलं, खेडा जिल्ह्याच्या शेजारी, कारण धड्यात ती शेजारी येतात. नीळ बिहारची, सारा गुजरातचा, हे नकाशाने त्याला शिकवलं. साबरमती ते दांडी रेघ ओढली की सुमारे ३८५ किलोमीटर चालत जाणं म्हणजे काय तेही कळतं. आमच्या मुलांना मी सांगतो, पेडण्याच्या टोकापासून काणकोणच्या टोकापर्यंत गोवा जेमतेम १०५ किलोमीटर लांब.

घरच्यांनी काय करावं, असं पालक विचारतात, आणि विचारताना ओशाळतात. ‘आमकां इंग्लीश खंय येता’, असं एक आई म्हणाली. ती मासळी विकते. तिला मी सांगितलं, मुलीने स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या करायच्या. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, इंग्रजीत असो की मराठीत. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. रात्री भाकरी भाजताना आईने एक काढून मुलीच्या हातात द्यायची, मुलीने प्रश्न मोठ्याने वाचायचा, उत्तर सांगायचं आणि मग चिठ्ठी उलटून स्वतःच बघायचं. चुकलं तर चिठ्ठी उद्याच्या डब्यात, आलं तर पुढच्या आठवड्याच्या. आईला इतिहास यायची गरज नाही. ऐकणारं माणूस समोर हवं, आणि पोरीने अडखळून ‘तें… तें…’ सुरू केलं की नुसतं थांबायला हवं. उत्तर पटकन सांगून टाकायचा मोह आवरणं हे शिकलेल्या पालकांनाच जास्त जड जातं, हे माझं निरीक्षण. ट्यूशनला पैसे मोजणाऱ्यांना हा डब्याचा उपाय फार स्वस्त वाटतो, म्हणून ते तो करत नाहीत.

मोबाईलविषयी आपण सगळे रोज लिहिता, मी भर घालत नाही. फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर ‘व्हेरी इंपॉर्टंट’ म्हणून फिरणाऱ्या यादीने मुलांची झोप जाते, आणि झोपेत गेलेली रात्र उजळणीत गेलेल्या रात्रीइतकीच कामाची असते, एवढं पालकांनी लक्षात घ्यावं.

आता विनंती. ‘हमखास’ची चौकट बंद करा असं मी म्हटलं तर आपण ती बंद करणार नाही, वाचक मागतात हे मला ठाऊक आहे. पण तिच्या शेजारी एक लहान जागा द्या. रोज तीन प्रश्न छापा, उत्तरं त्या दिवशी देऊ नका, दुसऱ्या दिवशी द्या. एक प्रश्न साल-घटनेचा, एक ‘का’ असा, आणि एक आठवड्यापूर्वी छापलेलाच पुन्हा. तो तिसरा प्रश्न पाहून वाचक फोन करतील की चुकून तोच छापला. त्यांना सांगा, मुद्दाम छापला आहे. उत्तरं सकाळी चहाबरोबर घरोघरी तपासली जातील, आणि अंकही विकला जाईल, त्याची काळजी नको.

दुसरी विनंती देवस्थान समित्यांना आणि पंचायतींना, आपल्यामार्फत. अग्रशाळा, सभागृहं, वाचनालयं संध्याकाळी कुलूपबंद असतात. जत्रेपुरती उघडतात. परीक्षेपूर्वीचे दोन महिने संध्याकाळी सात ते नऊ उघडी ठेवा. वीज लागते, पिण्याचं पाणी लागतं आणि चावी सांभाळणारं एक रिकामटेकडं निवृत्त माणूस लागतं. अशी माणसं प्रत्येक वाड्यावर आहेत, ती संध्याकाळी पिंपळाच्या पारावर बसून राजकारण बोलतात. त्यांना इतिहास येत नसला तरी चालेल. पुस्तक त्यांच्या हातात असेल आणि मुलाच्या हातात नसेल, एवढं बघा. बोलता बोलता त्यांच्याकडूनही काही निघेल. आमच्या पारावरच्या एका म्हाताऱ्याने लहानपणी डिसेंबर ६१ मध्ये पूल उडवल्याचा आवाज ऐकला होता, हे आम्हाला मुलांनी विचारलं म्हणून कळलं.

आणि एक फुटकळ मागणी आहे, छापलीत तर बरं. आमच्या वाचनालयातला भारताचा भिंतीवरचा नकाशा तेलंगण होण्याच्या आधीचा आहे, शिवाय गुजरातच्या किनाऱ्यावर वाळवी लागल्यामुळे दांडी दिसत नाही. कुणाकडे बरा नकाशा पडून असेल, किंवा मागच्या वर्षांचे दहावीचे इतिहासाचे पेपर जपून ठेवलेले असतील, तर अग्रशाळेत आणून द्यावेत. संध्याकाळी सातनंतर मी तिथंच असतो. गाईड आणू नयेत, ती आमच्याकडे कपाट भरून आहेत.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
बांदोडा, फोंडा - गोवा